एकच डोळा आला, तेव्हा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे



आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्यातून निघाली की पुढचा मुक्काम आमच्याकडे असतो. एका रात्रीपुरतं लोणी काळभोर आणि शेजारची कदमवाकवस्ती माणसांनी भरून जाते. चार वर्षांपूर्वी पालखी यवतकडे गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझे वडील, आमचे आबा, ओसरीवर बसून म्हणाले, "डोळा आलाय गं."

कुणाला नवल वाटलं नाही. गर्दी होती, धूळ होती, साथ असणारच. आबा आठ दिवसांपूर्वी तापातून उठले होते, तेव्हा ओठाच्या कडेला बारीक फोड आले होते. तो ताप, ते फोड आणि हा डोळा यांना एकत्र जोडून पाहावं, असं घरात कुणाच्याही मनात आलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्याही नाही.

आपल्या भाषेत डोळे ‘येतात’, आणि ते दोन्ही येतात. एकात सुरू झालं तरी दोन-चार दिवसांत दुसरा धरतो, चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, घरातल्या पोरांनाही लागण होते. आबा मात्र एकवचनात बोलले होते आणि ते अगदी बरोबर बोलले होते. उजवाच डोळा लाल होता. डावा त्या दिवशीही स्वच्छ होता, पुढेही स्वच्छच राहिला. चिपडं नव्हती, नुसतं पाणी गळत होतं. उजेडाकडे बघवत नव्हतं. नजरेवर पुसट साय आल्यासारखी वाटत होती. निदानाला लागतं ते जवळजवळ सगळं माझ्या बापाने दोन वाक्यांत सांगितलं होतं. ते ऐकून ‘थांबा, हे वेगळं आहे’ असं म्हणणारं माणूस आमच्या वाटेत कुठेच नव्हतं. म्हणून हे पत्र.

मेडिकलमधून थेंब आणले. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही, कारण दुकान बदललं असतं तरी बाटली तीच मिळाली असती. पाच मिलिलिटरची, प्रतिजैविक आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेली. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. चिठ्ठी कुणी मागितली नाही. आम्हीही ती लागते असं मानलं नव्हतं. दोन दिवसांत लाली उतरली, खुपणं कमी झालं. आबा पुन्हा उसाला पाणी द्यायला जाऊ लागले, रात्रीची वीज असेल तेव्हा रात्री दारं धरू लागले. बाटली संपली तशी दुसरी आणली. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, दुखत काहीच नाही, पण या डोळ्याने समोर धुकं दिसतंय.

दुखत नाही, हे ऐकून आम्हाला बरं वाटलं होतं. पुढे नेत्रतज्ज्ञांनी जे समजावून सांगितलं, ते मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण या आजारात न दुखणं ही खूण असते.

डोळ्याच्या समोरची पारदर्शक काच म्हणजे पारपटल. आपण बोलताना त्यालाच बुबुळ म्हणतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ते पारदर्शक राहतं. पण मज्जातंतूंचं जाळं मात्र इतकं दाट की शरीरात इतरत्र क्वचितच सापडेल. हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचा पहिला प्रकार याच तंतूंमधून वावरतो. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या दर तिघांपैकी साधारण दोघांच्या शरीरात हा विषाणू असतो. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो आणि कळतही नाही. चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेची कवटीच्या तळाशी एक गाठ असते, तिथे तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. ताप, कडक ऊन, डोळ्याला मार, शरीराची किंवा मनाची ओढाताण, असं काही झालं की काही जणांमध्ये तो जागा होतो आणि त्याच नसेच्या वाटेने ओठावर उतरतो. काही वेळा ओठाऐवजी डोळ्यावर. जाता जाता त्या तंतूंनाही तो बधिर करतो. आबांचं दुखणं थांबलं होतं ते काही अंशी स्टेरॉइडमुळे आणि काही अंशी पारपटलाची जाणीवच गेल्यामुळे.

तपासणी किती साधी होती, हे मला अजून आठवतं. आधी कापसाचा बारीक धागा डाव्या बुबुळाला हलकेच लावला, आबांची पापणी झटकन मिटली. उजव्याला लावला, पापणी हललीच नाही. मग नारिंगी टोकाची एक कागदी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली. फ्लुओरेसिनची पट्टी. वरून निळा प्रकाश टाकला आणि डॉक्टरांनी मला भिंगातून बघायला सांगितलं. बुबुळावर हिरवा झगझगीत आकार दिसला. सुरुवातीलाच आला असतात, तर झाडाच्या फांद्या दिसल्या असत्या, असं ते म्हणाले. बारीक फुटवे आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाला गाठीसारखा फुगवटा. हीच या आजाराची सही. आता मात्र फांद्या एकमेकींत मिसळून नकाशासारखा पसरट व्रण झाला होता. स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकार दाबून धरला आणि विषाणूला रान मोकळं मिळालं.

एक धागा, एक पट्टी आणि निळ्या काचेचा एक टॉर्च. पट्टीची किंमत काही रुपये. पहिल्या दिवशी गावातच हे झालं असतं तर आमची गोष्ट इथेच संपली असती, कारण वरच्या थरातला व्रण ॲसायक्लोविरच्या ३ टक्के मलमाने, दिवसातून पाच वेळा लावलं तर, बहुतेक रुग्णांत दोन आठवड्यांच्या आसपास भरून येतो. गॅन्सिक्लोविरची ०.१५ टक्के जेलही तेच काम करते. मलम लावता येत नसेल तर तोंडाने गोळ्या देता येतात. यातलं काहीही नवं नाही. माणसाच्या हाती वापरासाठी मान्य झालेलं पहिलं विषाणूविरोधी औषध आलं, ते याच आजारासाठी. १९६२ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट कॉफमन यांनी आयडॉक्सयुरिडिनचे थेंब पारपटलावरच्या हर्पीसवर चालतात हे दाखवलं. त्याआधी डॉक्टर तो व्रण खरवडत किंवा आयोडीनने भाजून काढत. नंतर ॲसायक्लोविर आलं. निरोगी पेशीत ते जवळपास निष्क्रिय राहतं, विषाणू ज्या पेशीत शिरला आहे तिथेच पेटतं. ज्यांच्या कामातून ते घडलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. साठ वर्षांपूर्वी ज्याच्यावर औषध सापडलं, त्या आजाराने पुण्यापासून वीस किलोमीटरच्या आत एका शेतकऱ्याची नजर जाते, हे मला समजून घेता येत नाही.

ॲसायक्लोविरचं डोळ्याचं मलम जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी ज्या बारा सेवा द्यायच्या ठरल्या आहेत, त्यांत डोळ्यांच्या आणि कान-नाक-घशाच्या नेहमीच्या तक्रारी येतात. म्हणजे कागदावर सगळं जागेवर आहे. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब, माझी पहिली विनंती आपल्याला आहे. आमच्या पोलीस ठाण्याचा कारभार पुणे शहर आयुक्तालयाकडे गेला, पण आरोग्याच्या बाबतीत आम्ही अजून हवेली तालुक्याचे, जिल्हा परिषदेचे. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, आमच्या गावच्याही, फ्लुओरेसिनच्या पट्ट्या, निळा टॉर्च आणि हे मलम आज शिल्लक आहे का, ते केंद्राच्या फलकावर लिहायला लावा. जिथे नसेल तिथे पोहोचवा. सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा साठा आपण जसा मोजता, तसा हाही मोजला जावा.

पट्टी कशी वापरायची हे शिकायला अर्धा दिवस पुरेल. नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना ते येतंच, ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि परिचारिकांना शिकवू शकतात. आशाताईंकडून निदानाची अपेक्षा नाही. त्यांनी दारात एवढंच विचारावं: डोळा एक आलाय की दोन? चिपडं आहेत का? नजर पुसट झाली का? पूर्वी कधी असाच डोळा आला होता का? एकच डोळा, चिपडं नाहीत, नजर पुसट, अशी उत्तरं आली तर ते माणूस मेडिकलकडे न जाता त्याच दिवशी केंद्रात यायला हवं, आणि तिथून पुढे स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा तपासायचं भिंगाचं यंत्र, असलेल्या नेत्रतज्ज्ञाकडे. आमच्या बाजूच्या माणसांना अशी जागा फार लांब नाही. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय हडपसरला महंमदवाडीत आहे, शहरात ससून आहे. अंतर अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. आबांना ते पार करायला तीन आठवडे लागले, कारण जायला हवं हे कुणी सांगितलं नाही.

आता अन्न व औषध प्रशासनाकडे वळते, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे.

स्टेरॉइडचे थेंब हे शत्रू आहेत असं मी म्हणत नाही. याच आजाराचा पुढचा प्रकार पारपटलाच्या आतल्या थरात होतो. तिथे नुकसान विषाणूपेक्षा शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेमुळे जास्त होतं, आणि त्या प्रकारात विषाणूविरोधी औषधाच्या जोडीने स्टेरॉइड द्यावंच लागतं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात झालेल्या ‘हर्पेटिक आय डिसीज स्टडी’ या मोठ्या अभ्यासाने ते सिद्ध केलं. म्हणजे एकाच आजारात, एकाच डोळ्यात, वरच्या थराला जे औषध घातक, तेच आतल्या थराला उपकारक. कुठल्या थरात काय चाललंय हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. काउंटरपलीकडून रस्त्यावरच्या उजेडात लाल डोळा बघणाऱ्या माणसाने हा निर्णय घ्यावा, अशी आपली व्यवस्था आज चालू देते.

आमच्या भागात धोका आणखी मोठा आहे. इथे ऊस आहे. उसाचं पातं डोळ्याला लागणं हे तोडणीच्या दिवसांत नेहमीचं. त्या जखमेतून बुरशी शिरते. बुरशीचा व्रण सुरुवातीला साधा वाटतो, कडा पिसासारख्या असतात, आणि त्याच्यावर स्टेरॉइड घातलं तर काही दिवसांत तो बुबुळ पोखरून टाकतो. त्याचं औषध वेगळं, नाटामायसिन. कालव्याच्या पाण्यात किंवा टाकीत साठलेल्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो. त्याचा पारपटलावरचा पहिला ठसा हर्पीसच्या फांदीची नक्कल करतो, भल्याभल्यांना फसवतो. पावसाळ्यात मायक्रोस्पोरिडियाने होणारा त्रास साध्या साथीसारखा दिसतो. तिथे बुबुळाचा खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. या सगळ्यांच्या आरंभी दुकानातून जाणारी बाटली बहुतेक वेळा तीच असते, आणि ती सगळ्यांतच आधी बरं वाटायला लावते. त्या दोन दिवसांच्या बऱ्या वाटण्यात डोळा जातो.

आयुक्त साहेब, हे थेंब औषध नियमांच्या शेड्यूल एच मध्ये आहेत. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं बाटलीच्या वेष्टनावर छापलेलं असतं, शेजारी लाल रेघ असते. माझ्याकडे आबांच्या दोन्ही बाटल्या अजून आहेत. ते वाक्य इंग्रजीत आहे आणि मला ते वाचायला चष्मा लावून उजेडात जावं लागलं. ज्याचा डोळा दुखतोय त्याने ते वाचावं अशी अपेक्षा कुणी केली असेल, असं वाटत नाही.

यापुढची पायरी आपल्या नियमांतच तयार आहे. २०१३ मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एच १ आणलं, मार्च २०१४ पासून ते लागू झालं. त्यात काही प्रतिजैविकं, क्षयावरची औषधं आणि सवय लावणारी औषधं घातली. ती विकताना दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण लिहून ठेवावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. डोळ्यात घालायची सगळी स्टेरॉइडं, एकेकटी आणि मिश्रणातली, या यादीत यावीत. हा अधिकार केंद्राचा आहे हे मला माहीत आहे. पण राज्य शिफारस करू शकतं, आणि महाराष्ट्राने केलेली शिफारस दिल्लीत ऐकली जाते. चेहऱ्याला लावायच्या स्टेरॉइड मलमांबद्दल त्वचारोगतज्ज्ञांनी सातत्याने आवाज उठवला, तेव्हा २०१८ मध्ये केंद्राने नियम बदलून ती चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. गोरं दिसण्यासाठी बिघडणाऱ्या त्वचेसाठी जे झालं, ते बिघडणाऱ्या नजरेसाठी व्हायला हरकत काय आहे?

तोवर आपल्या हातात असलेलं एक काम आहे. औषध विक्रेत्यांच्या संघटनांना बरोबर घेऊन, प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर मराठीत ठळक पाटी लावता येईल: ‘एकच डोळा लाल असेल, नजर पुसट असेल, तर थेंब मागू नका, डॉक्टरांना दाखवा.’ आमच्या गावातले बहुतेक दुकानदार सज्जन आहेत. रात्री दहाला तेच दार उघडतात, उधारीवर औषध देतात. त्यांना पकडा असं मी म्हणत नाही. त्यांना ‘नाही’ म्हणायला आधार द्या. पाटी असली, वही असली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल ही भीती उरत नाही, कारण दुसऱ्या दुकानातही तीच वही असते.

मंत्रिमहोदय, आपल्यासाठी काही आकडे. केंद्राच्या २०१५–१९ च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांत मोतीबिंदूनंतर अंधत्वाचं दुसरं मोठं कारण पारपटलावरचे डाग हे निघालं, सुमारे ८ टक्के. पन्नाशीच्या आतल्या लोकांत मात्र तेच पहिलं कारण आहे, ३७.५ टक्के. यात जखमा, जंतू, बुरशी, विषाणू सगळं आलं. पण कमावत्या वयातल्या माणसाची नजर कुठे जाते ते यावरून स्पष्ट होतं. आणि हे आकडे अंधत्वाचे आहेत. एक डोळा गेलेले आमच्या आबांसारखे लोक त्यांत मोजलेच जात नाहीत, कारण त्यांचा दुसरा डोळा चांगला असतो. जगभरात दरवर्षी पारपटलाच्या हर्पीसचे सुमारे पंधरा लाख प्रसंग घडतात आणि त्यातून जवळपास ४०,००० माणसांच्या एका डोळ्याची दृष्टी गंभीररीत्या जाते, असा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

एक डोळा गेल्याने काय जातं, हे आकड्यांत दिसत नाही. अंतराचा अंदाज जातो. आबा कपात चहा ओततात तेव्हा कपाच्या कडेला आधी बोट लावतात. बांधावरून उतरताना पाय चाचपून टाकतात. सोलापूर रस्त्यावर तेल कंपन्यांच्या डेपोंमधून टँकर दिवसरात्र सुटतात. त्या रस्त्यावर मोटारसायकल चालवणं त्यांनी स्वतःहून बंद केलं. उजवीकडून येणारं माणूस अंगावर आल्यावर दिसतं, म्हणून बाजारातही ते भिंतीकडेने चालतात. रात्रीची दारं धरायला आता गडी ठेवावा लागतो.

आणि एकदा बरा झाला म्हणजे हा आजार गेला असं होत नाही. आबांचा व्रण मलमाने भरला, मागे डाग राहिला. आमच्याकडे म्हणतात तसं डोळ्यात फूल पडलं. वर्षाच्या आत विषाणू पुन्हा उठला, या वेळी आतल्या थरात. प्रत्येक खेपेला डाग वाढतो. हे टाळता येतं का, याचं उत्तर त्याच अमेरिकी अभ्यासाने १९९८ मध्ये दिलं आहे. ७०३ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर ॲसायक्लोविरची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिली, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. वर्षात आजार उलटण्याचं प्रमाण एका गटात १९ टक्के, दुसऱ्यात ३२ टक्के. ज्यांना पूर्वी आतल्या थराचा त्रास झाला होता, त्यांच्यात तो परत होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. या गोळ्या महाग नाहीत, पण वर्षभर रोज दोन म्हणजे सातशेहून अधिक होतात. शेतकरी माणूस तिसऱ्या महिन्यात ‘आता बरं आहे’ म्हणून थांबतो. क्षयाच्या रुग्णाची गोळी चुकली तर कुणीतरी विचारायला येतं. या रुग्णाकडे कुणी येत नाही. सरकारी दवाखान्यातून त्या मोफत मिळाव्यात, मूत्रपिंडाची तपासणी व्हावी आणि रुग्णाची नोंद राहावी. सबंध जिल्ह्यात असे रुग्ण मोजके असतील. एक रजिस्टर पुरेल.

पारपटल बदलता येतं ना, असं लोक मला विचारतात. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर आपण नेत्रदान पंधरवडा पाळतो, तो पाळायलाच हवा. पण हर्पीसच्या जुन्या डागात रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात, त्यामुळे नवं पारपटल शरीराने नाकारण्याची शक्यता वाढते, आणि विषाणू तर नसेत तसाच असतो, तो नव्यावरही उतरतो. दान मिळालेला डोळा हा शेवटचा उपाय आहे. पहिल्या दिवशीच्या मलमाची जागा तो घेऊ शकत नाही.

नागिणीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. तिचा विषाणू वेगळा, कांजिण्यांचा, पण तोही तसाच नसेत दबा धरून बसतो. कपाळावर आणि पापणीवर नागीण उठली की गावात अजून लेप लागतात, कुणीतरी उतरवून देतं, तिचं डोकं-शेपूट जुळलं तर माणूस जातं असं सांगून घाबरवतं. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्यात उतरण्याची शक्यता खूप वाढते. जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवून ठेवलं आहे, कारण नाकाचा शेंडा आणि डोळा एकाच नसेवर आहेत. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत गोळ्या सुरू झाल्या तर डोळा वाचण्याची शक्यता चांगली असते. आशाताईंच्या प्रशिक्षणात नाकाच्या शेंड्याची ही एक खूण घाला. लेप लावणाऱ्यांनाही ती सांगा. त्यांच्याकडेच माणसं आधी जातात.

आणखी एक गोष्ट, जी मला लिहिताना जड जाते. डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं तेव्हा आबांनी मान खाली घातली. हर्पीस हा शब्द लोकांनी गुप्तरोगाच्या जाहिरातींमधून ऐकलेला असतो. डोळ्यावर येणारा प्रकार बहुधा बालपणी, कुणी लाडाने घेतलेल्या पाप्यातून आलेला असतो, हे त्यांना पटवायला मला बरेच दिवस लागले. त्यांनी भावकीत कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या आळीत कुणाचा असाच डोळा आला असता, तरी त्याला ते सावध करू शकले नसते. केसपेपरवर आणि माहितीपत्रकात ‘बुबुळावरचा विषाणूचा व्रण’ असं लिहिलं तर वैद्यकाचं काही अडत नाही.

प्रयोगशाळेतली तपासणीही काही अगदी अशक्य नाही. २०२३ च्या जुलैत आळंदीत डोळे येण्याची मोठी साथ आली, शाळकरी मुलं मोठ्या संख्येने आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने नमुने तपासले आणि त्यात एन्टेरोव्हायरस सापडला. हे काम झटपट झालं, याबद्दल मी आभारच मानते. देशातली विषाणूंची सगळ्यात मोठी संस्था आपल्या शहरात आहे. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआरची यंत्रं बसली. हर्पीसच्या बहुतेक रुग्णांना ती लागत नाहीत, पट्टी आणि भिंग पुरतं. पण जिथे फांदी स्पष्ट नाही, जिथे अमीबा की विषाणू असा पेच आहे, तिथे खरवडीचा नमुना पाठवायची सोय सरकारी नेत्रविभागांना हवी. अडेनोव्हायरसमुळे डोळे येण्याच्या साथीतही हे उपयोगी पडेल. त्या साथीनंतर काहींच्या पारपटलावर बारीक ठिपके महिनोन्‌महिने राहतात, वाचताना अक्षरं विस्कटतात, आणि तिथेही लोक स्टेरॉइडचे थेंब घेतात. थांबवलं की ठिपके परत, म्हणून पुन्हा घेतात. त्यातून डोळ्याचा दाब वाढतो.

आबांचा उजवा डोळा आता हातभर अंतरावरची बोटं मोजतो. वर्षभराच्या गोळ्या त्यांनी चुकवल्या नाहीत, मी रोज विचारायचे. त्याला आता दोन वर्षं झाली, डोळा परत उठलेला नाही.

पुढच्या आषाढात पालखी येईल तेव्हा ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ची पथकंही येतील. पाय चोळायला, ताप बघायला, सलाईन लावायला तिथे माणसं असतात आणि ती रात्रभर जागतात, हे मी पाहिलं आहे. त्यांच्या टेबलावर एक पट्ट्यांची डबी, एक निळा टॉर्च आणि मलमाच्या काही ट्यूब ठेवा. टेबलापाशी उजेड धरायला, रांग लावायला माणूस लागलं तर आमच्या शाळेतले आम्ही चौघं शिक्षक येऊ. आबाही येतो म्हणालेत. डोळा एक आलाय की दोन, एवढं विचारायचं काम त्यांना द्या.

आपली,
लोणी काळभोर येथील एक शिक्षिका